साक्षीदाराचा रकाना

अठ्ठ्याण्णव पानं उलटून झाली तेव्हा पंचाक्षरी शेटे सरांच्या ध्यानात आलं, की या प्रयोगवहीत कुठं खाडाखोड म्हणून नाही. एकही आकडा खोडलेला नाही, एकाही सातावर पेन फिरवून त्याचा नऊ केलेला नाही. त्यांनी पानं मागून पुढं पुन्हा चाळली. मे महिन्यातली दुपार होती. वर गच्चीवर त्यांच्या पत्नी शांतादेवी कुरडया उलथत होत्या, त्यांच्या पावलांचा धप्प धप्प आवाज स्लॅबमधून खाली येत होता, आणि शेजारच्या घरात नव्यानं घेतलेल्या केबलवर कुणीतरी हिंदीत हसत होतं. सर पान उलटता उलटता थबकले. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि तिथं सपाट जमीन लागावी, तसं. काल रात्रीपर्यंत या वहीचं त्यांना कौतुक होतं. किती नेटकी वही, असंच त्यांनी शांतादेवींना दाखवलं होतं. आज तीच नेटकी वही मांडीवर जड वाटायला लागली. ज्याच्या हातात खरोखर नळी असते, ज्याच्या कपाळावरचा घाम कागदावर पडतो, ज्याच्या अंगावर बीडचा उन्हाळा आणि गेलेली वीज असते, त्याचं एकदाही चुकत नाही?

वही योगिताची होती. योगिता आष्टीकडच्या बजरंग मेंढपाळाची मुलगी. सात वर्षांपूर्वी ती सरांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकली आणि पुण्याला जाऊन एका मोठ्या संस्थेत पीएचडीला लागली. तिचा विषय ऐकून सर पहिल्यांदा हसले होते आणि मग रात्रभर त्यांना झोप आली नव्हती. रोगाशी लढणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी रक्तात असतात, त्या बाहेरचं अमिनो आम्ल किती आत ओढून घेतात, हे ती मोजत होती. अमिनो आम्ल म्हणजे प्रथिनांच्या माळेतला एकेक मणी. त्या मण्याला चकाकणारा रंग जोडायचा, पेशींसोबत ठेवायचा, धुऊन काढायचं आणि मायक्रोस्कोपखाली निळा प्रकाश टाकायचा. ज्या पेशीनं मणी आत घेतला ती हिरवी चकाकते. ज्या मेंढ्या उन्हाळाभर उपाशी चालतात त्यांच्या पेशीही सुस्तावतात का, आणि म्हणूनच पहिल्या गारव्याला मेंढरं पटापट मरतात का, हा तिचा प्रश्न. पुण्यात उपाशी मेंढी मिळेना, आणि काढलेलं रक्त सहा तासांच्या आत पाहावं लागे. म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून ती बीडला यायची. बापाचा कळप मे महिन्यात कपिलधारच्या फाट्याला असायचा, आणि सरांच्या जुन्या कॉलेजात एक चकाकी दाखवणारा मायक्रोस्कोप होता. तो मिळवायला सरांनी पंच्याऐंशी साली अकरा अर्ज केले होते. दिवा गेला तेव्हा परदेशातून दुसरा यायला अडीच वर्षं लागली. आता बाजार मोकळा झाल्यावर तोच दिवा पंधरा दिवसांत आला, पण तोवर मुलं प्राणिशास्त्र सोडून खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरच्या वर्गाला जाऊन बसली होती, आणि सरही निवृत्त झाले होते.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक रकाना आखलेला होता : साक्षीदार. गेल्या उन्हाळ्याचं सगळं काम पुण्याच्या गाईडनी साक्ष नाही म्हणून बाद केलं होतं. बाहेरगावी घेतलेला आकडा ज्येष्ठ माणसाच्या देखत घेतला पाहिजे आणि त्यानं पानापानावर सही केली पाहिजे, असं त्यांचं पत्र होतं. जूनअखेर फेलोशिप संपत होती. या वहीवर सह्या झाल्या तर योगिताचा प्रबंध उभा राहणार, नाही तर बापाच्या कळपामागं नाही, पण कुठल्यातरी शाळेत तासावर शिकवायला तिला जावं लागणार. मोजणीच्या वेळी सर रोज हजर असत, पण पडदे ओढलेल्या अंधारात ती कशावर काय लिहिते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि अजून एकही सही केली नव्हती. रोज ती वही पुढं करायची, आणि रोज ते म्हणायचे, "राहू दे, शेवटी एकदम करू." का म्हणत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आता वाटलं, हाताला आधीच कळलं होतं.

आणि आकडे. उपाशी मेंढी : शंभरात एकतीस पेशी चकाकल्या. पोटभर खाणारी, एका संस्थेच्या गोठ्यातली मेंढी : साठ. दुसऱ्या दिवशी तीस आणि एकसष्ट. तिसऱ्या दिवशी बत्तीस, एकोणसाठ. बर्फात ठेवलेल्या नळ्यांत कायम चार नाही तर पाच, कारण गारठलेली पेशी काहीच आत ओढत नाही, जे दिसतं ते नुसतं वरून चिकटलेलं. इतकं शहाण्यासारखं वागणारं रक्त सरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतः कधी बेडकाचे ठोके मोजले तर तोच बेडूक दहा मिनिटांत तीन उत्तरं द्यायचा.

संशय त्यांच्या घरातलाच होता, वडिलोपार्जित म्हणा. कारंज्याजवळ वडिलांचं, अण्णांचं, भुसार दुकान होतं. दुकान बंद करताना अण्णा गुळाच्या फोडलेल्या ढेपेवर अंगठ्याच्या नखानं चंद्रकोरीसारखी खूण करत आणि सकाळी आधी ती खूण बघत, मग गळ्यातल्या लिंगाची पूजा. खूण मोडलेली असली की दिवसभर कुणाशी बोलत नसत. कोण म्हणून विचारतही नसत. नुसते बघत. गुळाचा चिमटा काढणारा बहुतेक वेळा पंचाक्षरीच असायचा, आणि गूळ तोंडात विरघळताना गोड लागायचा नाही, अण्णांच्या नजरेसारखा लागायचा. पुढं औरंगाबादला संशोधनाला गेल्यावर त्यांनी तीच खूण आपल्या परीनं केली. आपली वही मिटताना तिच्यात डोक्याचा एक केस ठेवायचा. एका सकाळी केस नव्हता. शेजारच्या टेबलावर रामकिसन नावाचा धारूरकडचा मुलगा काम करायचा; मोकळा, गाणी म्हणणारा, डबा वाटून खाणारा. त्याचे आकडे त्या महिन्यात आपल्यासारखेच येताहेत असं त्यांना वाटलं, ते त्यांनी गाईडना सांगितलं, अगदी हळू आवाजात, मान खाली घालून. रामकिसननं वाद घातला नाही. महिन्याभरात सामान बांधलं. जाताना म्हणाला, "शेटे, एकदा मला इचारायचं व्हतं बे." त्यानंतर कधीतरी, वर्षांनी, पंख्याखाली बसलेले असताना मांडीवरच्या उघड्या वहीतून एक केस उडून जाताना सरांनी पाहिला, आणि ते किती तरी वेळ पंख्याकडं बघत राहिले. स्वतःची पीएचडी त्यांनी पुरी केलीच नाही. प्रत्येक आकडा पुन्हा घ्यावासा वाटे. गाईड म्हणाले होते, "तुम्ही मोजत नाही हो, तुम्ही चौकशी करता."

दुसऱ्या सकाळी ते कॉलेजात पोचले तेव्हा योगिता आणि बजरंग आलेले होते. बजरंगनं कळपातली एक आणि संस्थेच्या गोठ्यातली एक अशा दोन मेंढ्या टेंपोत घालून आणल्या होत्या आणि कडुनिंबाखाली एकीला दोन गुडघ्यांत धरलं होतं. योगितानं मानेवरची लोकर बाजूला केली, बोटानं शीर दाबली, सुई घातली. मेंढी हललीही नाही.

"मेंढीचं रगत पुण्याला, लेंड्या पाटलाच्या रानात, दूध बीडला," बजरंग म्हणाला. "आमच्याकडं उरतंय काय, तर नुसती में में."

"आबा, हलू नका."

"म्या कुठं हलतो? माझी पोरगी माझ्याच मेंढरास्नी टोचती, मी दातखीळ बसल्यागत हुबा हाय. मास्तर, तुमी तरी सांगा तिला, एक सुई बापाला मार म्हणावं. आमी बी उन्हाळाभर उपाशीच चाललोय की."

सर कसनुसं हसले. एरवी त्यांना या माणसाचं बोलणं आवडायचं. आज त्यातही काही शोधावंसं वाटत होतं. बजरंग इतका निवांत कसा? मुलीचं सगळं ठरल्यासारखं? उद्या पहाटे कळप हलणार होता. पुढं सुंदरराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचा शब्द दिलेला होता, आणि तिथून आष्टी. आजचा दिवस शेवटचा.

योगिता काम करताना बोलत नसे. रक्तावरून पांढऱ्या पेशींचा धुक्यासारखा थर काढणं, तो धुणं, त्यात चकाकणारा मणी घालणं, दोन नळ्या कोमट पाण्यात, दोन बर्फात, पंधरा मिनिटं, मग थंड पाण्यानं तीनदा धुणं. तिच्या लांबसडक बोटांकडं सर बघत राहिले. ही बोटं चौथीपर्यंत कोकरं राखायची. हीच बोटं रात्री खोलीवर बसून, कुणी बघत नसताना, एकतीस, साठ, चार, असं लिहीत असतील? त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून संशय कमी झाला नाही, उलट त्याला जागा मिळाली. मी सही करायची. खोट्यावर माझी सही. उद्या कुणी विचारलं तर? आणि दुसरा, याहून वाईट विचार : हिला माहीत आहे की मी विचारणार नाही. सगळ्यांनाच माहीत असतं. शेटे सर लाजाळू आहेत, पुस्तकात डोकं घालून बसतात, दोनदा विनंती केली की सही करतात.

अकरा वाजता पुण्याच्या गाईडना फोन करायचा होता. चार नळ्या बर्फाच्या डब्यात उभ्या करून योगिता एसटीडी बूथवर गेली. शिपाई सटवा चहा आणायला गेला. बजरंग खाली झाडाखाली पागोटं तोंडावर घेऊन पडला होता. प्रयोगशाळेत सर एकटे राहिले.

नळ्यांवर डिंकानं चिकटवलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. एक : उपाशी, कोमट. दोन : उपाशी, बर्फ. तीन : पोटभर, कोमट. चार : पोटभर, बर्फ. नुसत्या डोळ्यांना चारी सारख्याच, पाण्यासारख्या. आणि सरांना, आयुष्यात फार थोड्या वेळा आलं असेल तसं, एकदम स्वच्छ काहीतरी सुचलं. एक आणि तीनच्या चिठ्ठ्या बदलायच्या. ती जर खरंच डोळ्यांनी मोजत असेल, तर आकडे उलटे येतील. ती जर चिठ्ठी वाचून लिहीत असेल, तर एकतीस आणि साठच येतील, आणि मग कुणाला काही विचारायची गरज नाही. बोलावं लागणार नाही. त्यांनी पहिली चिठ्ठी नखानं सोलली. डिंक अजून ओला होता. दुसरी सोलली. बोटांना चिकटत होत्या. चिठ्ठ्या बदलून लावल्या, आणि लावल्याक्षणी त्यांना रामकिसनची बांधलेली वळकटी दिसली. हे काय करतोय आपण? परत लावाव्यात म्हणून हात पुढं गेला, बोटाखाली ओला कागद आला, आणि जिन्यात सटवाच्या चपला वाजल्या.

"सर, च्या. आज आलं लई टाकलंय, जपून. कालच्यानं प्राचार्य साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलतं, तर म्हणले सटवा, तुझ्या निरोपाच्या भाषणाला बी एवढं येणार न्हाई."

सर खिडकीशी उभे होते. खिडकीशी केव्हा आले ते त्यांना आठवलं नाही.

योगितानं पडदे ओढले. अंधारात निळा प्रकाश टेबलावर सांडला आणि ती डोळा लावून मोजायला बसली. डाव्या हातात मोजणीचं यंत्र, चकाकणाऱ्या पेशीला एक टिक, न चकाकणाऱ्या पेशीला दुसरं टिक. सर मागच्या स्टुलावर. टिक, टिक. त्या आवाजात त्यांचा घाम मानेवरून पाठीत उतरत होता. पहिली नळी झाली. ती थांबली. पुन्हा त्याच नळीचा थेंब घेतला, नवीन काच, पुन्हा मोजलं. मग तिसरी नळी. तीही दोनदा. अर्ध्या तासानं तिनं डोळा काढला, आणि निळ्या उजेडात तिचा चेहरा एखाद्या आजारी बाईसारखा दिसला.

"सर, तुम्ही बघता एकदा?"

सरांनी डोळा लावला. काळोखात हिरवे ठिपके. रात्री मेंढवाड्यावर बॅटरी मारली की असे डोळे चकाकतात, असं तीच एकदा म्हणाली होती.

"उपाशी एकोणसाठ आले," ती म्हणाली. "पोटभर तेहेतीस. दोन-दोन काचा बघितल्या, सर. उलटं आलं. सगळंच उलटं आलं."

ती खोटं बोलत नव्हती. जे दिसलं तेच तिनं सांगितलं होतं. आपलं बुडत असताना सांगितलं होतं. सरांच्या अंगात सुटकेची एक लाट आली, इतकी मोठी की ते जवळजवळ हसणार होते. आणि मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवून, स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हटलं, "माझ्याच हातून नळ्या बदलल्या असतील. धुताना. आज बोलण्यात लक्ष होतं माझं, फोनचं टेन्शन होतं. माझ्याच हातून. पण मग आधीही कधी बदलल्या असतील तर? सर, आधीचं तरी खरं कशावरून?"

इथं बोलायचं होतं. एक वाक्य. तोंड उघडलं आणि आतून आवाज आला तो असा, "होतं असं कधी कधी."

आपलंच ते बोलणं त्यांना दुरून, कुणा परक्या माणसाचं ऐकू यावं तसं ऐकू आलं. मऊ, समजूतदार, ज्येष्ठ माणसाला शोभणारं. मग ते जेवायला घरी आले.

शांतादेवींनी ताट वाढलं. सरांनी भात कालवला आणि बोटं तशीच ठेवली. बोटांच्या टोकांवर डिंकाची पापडी वाळली होती. अंगठ्यानं चोळली की बारीक सुरळ्या होऊन पडत होती. ती सोलताना एक नवाच विचार आला. चिठ्ठ्या परत लावल्या होत्या का? हात पुढं गेला होता हे नक्की. ओला कागद बोटाला लागला होता हेही नक्की. पण तो कागद सोलला का? पहिल्या वेळी सोललेला स्पर्श आणि दुसऱ्या वेळचा स्पर्श आता एकमेकांत मिसळले होते. कुलूप लावून निम्म्या वाटेवरून परत येऊन ओढून बघणारा माणूस मी. मला स्वतःच्या हाताचं आठवत नाही? त्यांनी डोळे मिटून पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन पाहिलं. एकदा पाहिलं तेव्हा चिठ्ठ्या बदललेल्या राहिल्या होत्या. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी त्या परत लावल्या होत्या आणि मगच ते खिडकीशी गेले होते. दोन्ही वेळा तितकंच स्पष्ट दिसलं.

"जेवत कावून न्हाई?" शांतादेवी म्हणाल्या. "आज संशय घ्यायला माणूस सापडलं न्हाई वाटतं, म्हणून भातावर घेताव."

"सापडलं," सर म्हणाले. "माणूस सापडलं."

उन्हानं वितळत असल्यासारख्या रस्त्यावरून ते छत्रीही न घेता कॉलेजात परत आले. योगिता तिथंच होती. गाईडना पाठवायचं पत्र लिहीत होती. वरच्या दोन ओळी उलट्याही सरांना वाचता आल्या : आजच्या निकालामुळे पूर्वीच्या मोजणीबद्दल मला खात्री वाटत नाही. बजरंग भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. सटवा खलबत्ता धूत होता.

"नळ्या मी बदलल्या," सर म्हणाले.

खलबत्त्याचा आवाज थांबला.

"तू फोनला गेलीस तेव्हा. एक आणि तीनच्या चिठ्ठ्या. मला वाटलं होतं... तुझ्या वहीत खाडाखोड नाही. एकही नाही. मला वाटलं, तू मनानं लिहितेस."

योगितानं हातातलं पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत ते उभे राहिले. राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं पिशवीतून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची एक गड्डी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यावर पेन्सिलीचे आकडे होते, खोडलेले, गिरवलेले, चहाचे डाग पडलेले, एका ठिकाणी 'वीज गेली, पुन्हा' असं लिहिलेलं. सव्वीस होते, एक्केचाळीस होते, बर्फातले अकरासुद्धा होते. रोजच्या सहा-सात मोजण्यांची सरासरी तेवढी वहीत गेली होती.

"तुम्ही प्रॅक्टिकलच्या वहीत प्रत्येक खाडाखोडीला एक मार्क कापायचे," ती म्हणाली. "माझे पहिल्या वर्षी नऊ गेलते. तेव्हापासून मी आधी कच्चं लिहिते. हे एकदा मागितलं असतंत, सर, मी दिलं असतं."

"मागायला हवं होतं."

"व्हय. इचारायला काय पैका पडतो?" बजरंग म्हणाला, पण हळू.

सरांना वाटलं, आता झालं. लाज पुरी झाली, आता निदान आजचा दिवस तरी वाचला. ते घाईनं म्हणाले, "म्हणजे तुझं बरोबरच आहे. उपाशी तेहेतीस, पोटभर एकोणसाठ. उलटं करून लिही, मी इथं सही करतो. सगळ्या पानांवर करतो."

"नक्की बदलल्या होत्या ना?"

साधा प्रश्न. सरांनी हो म्हणायला तोंड उघडलं. हो म्हटलं की सगळं सुरळीत होणार होतं. सही, प्रबंध, सकाळी कळप. आकडा उलटा आलाच आहे, म्हणजे बदललेल्याच असणार, आणखी काय पुरावा हवा? पण डिंकाचा तो दुसरा स्पर्श बोटावर होता.

"बदलल्या. मग परत लावायला हात नेला. तेवढ्यात सटवा आला. लावल्या की नाही, ते मला... मला आठवत नाही, योगिता. खरंच आठवत नाही."

तिनं चारी नळ्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मग म्हणाली, "आकडे उलटे आले म्हणून चिठ्ठ्या बदलल्या होत्या असं धरायचं, आणि चिठ्ठ्या बदलल्या होत्या म्हणून आकडे बरोबर आहेत असं म्हणायचं. असं नाही चालत ना, सर. हे तुम्हीच शिकवलं."

तिनं चारी नळ्या उचलल्या आणि मोरीत ओतल्या. दोन मेंढ्यांचा एक दिवस नळाच्या पाण्याबरोबर गेला. बर्फाच्या डब्यात नुसतं पाणी उरलं होतं, आज पुन्हा रक्त काढून उपयोग नव्हता. मग ती बापाकडं वळली. "आबा, उद्याचा दिवस थांबता का?"

"सुंदररावाला शब्द दिलाय."

"माहीत आहे."

बजरंगनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं. त्याच्या धंद्यात शब्द म्हणजे काय ते सरांना ठाऊक होतं. एका रानात वेळेवर मेंढ्या बसल्या नाहीत की पुढच्या साली ते रान दुसऱ्याचं. आपण एक चिठ्ठी सोलली आणि तिच्या मागून हे सगळं सोलून येतंय, असं त्यांना वाटलं. बजरंग उठला.

"कळप माझा भाऊ नेतो. चार मेंढ्या मागं ठेवतो. दोन दिस उशिरा पोचलो तर सुंदरराव काय मारीत न्हाई, नुसता शिव्या देतो. शिव्यांचं काय, शिव्यांनी काय लोकर झडती?" दारापर्यंत जाऊन तो थांबला. "मास्तर, तुमी लई शिकल्यालं मानूस. आमी मेंढरू हरवलं तर आधी मोजतो, मग कुत्र्याला इचारतो, मग शेजाऱ्याला. तुमी उलटं करताव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर साडेसहालाच येऊन निंबाखाली उभे राहिले. यावं की न यावं यावर पहाटेपासून त्यांचं मन शंभर वेळा फिरलं होतं. कळपापासून तुटलेल्या चार मेंढ्या एकमेकींना अंग घासत ओरडत होत्या, आणि गोठ्यातली पोटभर खाणारी मेंढी जरा दूर बांधलेली होती. काल रात्री वहीवर सही मागायला योगिता येईल, असं त्यांना कुठंतरी वाटत होतं. ती आली नव्हती. आताही तिनं वही पुढं केली नाही. तिनं सटवाला बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. धुऊन झाल्यावर चिठ्ठ्या काढून टाकायच्या, त्यांच्या जागी आपल्या मनाचे आकडे लावायचे, कुठल्या आकड्याला काय ते एका कागदावर लिहून खिशात ठेवायचं, मोजणी संपेपर्यंत कुणालाही दाखवायचं नाही. "मलासुद्धा नाही," ती म्हणाली. "सरांनासुद्धा नाही."

"प्राचार्यांनी मागितला तर?"

"तर गिळून टाक."

"गिळतो. पण मग दुपारी माझंच रगत काढायला लागंल."

आणि वहीच्या तळाच्या रकान्यात, कालच्या कोऱ्या पानानंतरच्या पानावर, सटवानं एकेक अक्षर जोर देऊन, जीभ दातात धरून आपलं पूर्ण नाव लिहिलं. गाईडना सकाळीच बूथवरून तिनं सगळं सांगितलं होतं. आधीच्या पानांचा निर्णय ते कच्च्या कागदांवरून करणार होते, म्हणून ती गड्डी वहीसोबत पुण्याला जाणार होती, आणि आजची साक्ष देखत असलेल्या कुणाचीही चालेल, फक्त त्या माणसाला निकालाशी देणंघेणं नको, असं ते म्हणाले होते.

सर बाजूला उभे होते. हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. योगितानं सुई काढली, इकडंतिकडं पाहिलं. बजरंग दुसरी मेंढी सोडवत होता.

"सर," ती म्हणाली, "ही धरता?"

ते गुडघ्यांवर बसले. धोतराला लेंड्या लागल्या. मेंढीला गुडघ्यांत धरलं, दोन्ही हातांनी मान वळवली. लोकर तेलकट, गरम. तिच्याखाली हाडं इतकी जवळ की ते दचकले. हिला खरंच खायला मिळालेलं नव्हतं. वहीतला एकतीसचा आकडा असा हाताला लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मेंढीचं काळीज त्यांच्या मनगटावर धावत होतं, आणि तिला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, तरी दोन श्वासांनंतर तिनं मान त्यांच्या हातात सैल सोडली.

मोजणी दुपारी दोनपर्यंत चालली. वर त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि ते गेले नाहीत. झाडाखाली बजरंगच्या शेजारी बसून राहिले. बजरंगनं भाकरी आणि ठेचा पुढं केला, त्यांनी तो खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं. वर खिडकीला पडदा होता. त्या पडद्याआड काय चाललं असेल याची चित्रं मन आपल्या सवयीनं काढत होतं : सटवानं कागद नीट लिहिला असेल का, ती मोजताना थकली असेल का, डोळा चुकला असेल का. चित्रं येत होती आणि जात होती. ते उठले नाहीत.

जिन्यावर पावलं वाजली. योगिता खाली आली. डोळे लाल, केसांना पेन्सिल खोचलेली. मागं सटवा, हातात घडी मोडलेला कागद धरून, एखादी वरात घेऊन यावा तसा.

"आबा, सोडा मेंढ्या. झालं."

बजरंगनं दोरी सोडली. मेंढ्या आधी जागच्या हलल्या नाहीत, मग एकदम एका दिशेनं निघाल्या. योगिता सरांच्या समोर येऊन थांबली. विचारू नये असं त्यांना वाटत होतं. विचारण्याचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. तरी त्यांनी विचारलं.

"किती आले?"

"उपाशी एकोणचाळीस. पोटभर चोपन्न. बर्फात सात आणि सहा." तिनं केसांतली पेन्सिल काढली. "नेहमीएवढा फरक नाही. पण आहे."

एकोणचाळीस. इतके जास्त कसे? काचा किती बघितल्या? धुणं तीनदाच झालं ना? बर्फ पुरला होता का? प्रश्न जिभेच्या टोकाशी रांगेत येऊन उभे राहिले, पाठ केलेल्या धड्यासारखे, एकामागं एक. सरांनी तोंड उघडलं. लोकरीचा वास अजून हाताला होता.

"बरं," ते म्हणाले.